बोधचिन्हाचे भाडे कोणी भरावयाचे?

मराठीत ‘वाहन’ हा शब्द मोटारीला लागतो, तसाच देवाला वाहून नेणाऱ्या प्राण्यालाही लागतो. गणपतीचा उंदीर, शंकराचा नंदी, खंडोबाचा घोडा ही सारी वाहनेच. मात्र या जुन्या व्यवहारात वाहनालाही मान असे. नंदीला हात लावल्याखेरीज भाविक गाभाऱ्याकडे वळत नाही, आणि सातारा-सांगलीकडचा शेतकरी बेंदराच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाही. जनावराकडून काही घेतले, तर त्याला काही द्यावयाचे असते, हा त्या रीतीमागील अर्थ होय. आधुनिक स्पोर्ट्स मोटारीने जनावराचे रूप तेवढे उचलले. देण्याची बाजू मात्र सोडून दिली.

वेगवान मोटार विकावयाची, तर तिच्या नाकावर कोणते जनावर बसवावे, हा विक्रीशास्त्रातील गंभीर प्रश्न मानला जातो. फेरारीचा उधळलेला घोडा पहिल्या महायुद्धातील फ्रान्सेस्को बराक्का या इटालियन वैमानिकाच्या विमानावरून आला. लॅम्बोर्गिनीचा बैल संस्थापकाच्या वृषभ राशीवरून आला, असे सांगितले जाते. जॅग्वार हे नाव इंग्लंडमध्ये १९३५ साली एका मोटारीला देण्यात आले, आणि पुढे तेच कंपनीचे नाव झाले. या निवडीत अभ्यास प्राणिशास्त्राचा नसतो, गिऱ्हाइकाच्या मनाचा असतो. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू या झाडावरून त्या झाडावर वीस-वीस फुटांची झेप घेतो. परंतु त्याच्या नावाने स्पोर्ट्स मोटार खपेल, असे कोणी मानीत नाही. याउलट ‘स्कॉर्पिओ’ ही गाडी विंचवाला भिणाऱ्या खेड्यापाड्यांत सुखेनैव फिरते. तिचे नाव मराठीत ‘विंचू’ ठेवले असते, तर किती जण तिच्यात बसले असते?

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी संबंध केवळ गिऱ्हाईक म्हणून नाही. जॅग्वार ही कंपनी २००८ साली मुंबईच्या टाटा मोटर्सने विकत घेतली, आणि भारताच्या कोणत्याही रानात कधी न वावरलेल्या एका अमेरिकी श्वापदाचे चित्र भारतीय मालकीचे झाले. दुसरीकडे अलिबागच्या एका लहान कारखान्याने फायबरग्लासच्या अंगाची हलकी स्पोर्ट्स मोटार बांधली आणि तिला ‘चिंकारा’ हे नाव दिले. ही निवड डोळस होती. सडपातळ, हलक्या अंगाचे, क्षणात दिसेनासे होणारे हे हरीण दख्खनच्या माळरानाचे रहिवासी आहे. परंतु बारामती तालुक्यात सुप्याजवळ त्याच्यासाठी राखलेल्या मयूरेश्वर अभयारण्याचा विस्तार जेमतेम पाच चौरस किलोमीटर आहे, आणि बाकीच्या माळरानाची गणना सरकारी दप्तरात बहुधा ‘पडीक’ म्हणूनच होते.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर जनावराची प्रतिमा ही विनामूल्य वस्तू ठरली आहे. चित्रकाराला मेहनताना मिळतो, वृत्तपत्राला जागेचे दर मिळतात. बोधचिन्हाची नक्कल करणाऱ्यावर दावा लावता येतो आणि त्याची भरपाई कंपनीला मिळते. ज्याच्या डौलावर हा सारा व्यवहार उभा आहे, त्या जनावराच्या राखणीचा खर्च मात्र या हिशेबात कोठेच येत नाही.

हा खर्च कोण भरतो, याचे उत्तर कोयनानगरात मिळते. आपल्या खोऱ्यात निर्माण झालेल्या वस्तूचा लाभ दूरच्या शहराला आणि भार स्थानिकाला, हा अनुभव येथील माणसाला नवा नाही. कोयनेची १,९०० मेगावॅटहून अधिक क्षमतेची वीजकेंद्रे राज्याच्या उद्योगांचा आधार झाली; पण धरण उभे राहून अर्धे शतक उलटल्यावर, २०१८ साली, धरणग्रस्तांना पुनर्वसनासाठी कोयनानगरातच ठिय्या द्यावा लागला. १९८५ साली कोयना अभयारण्य झाले. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सुमारे १,१६५ चौरस किलोमीटरांचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. हे रान राखणे आवश्यकच होते. परंतु त्यासाठी गावे उठली, चराई थांबली, सरपण तुटले. बिबट्याने शेळी नेली तर भरपाई सरकार, म्हणजेच करदाता देतो. श्वापदाच्या प्रतिमेवर ज्यांचा धंदा चालतो, त्यांचे नाव या यादीत नाही.

या फुकट वापराचा आणखी एक परिणाम संभवतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्रान्समधील स्वयंसेवकांनी रोज नजरेस पडलेल्या प्राण्यांच्या प्रतिमा मोजल्या. पश्चिम आफ्रिकेच्या रानात जितके सिंह उरले आहेत, त्याहून अधिक सिंह एका माणसाला वर्षभरात चित्रांतून दिसतात, असे त्यात आढळले. जे डोळ्यांसमोर इतके मुबलक आहे ते संपत आले आहे, यावर मन सहज विश्वास ठेवीत नाही. म्हणजे जाहिरात जनावराला काही देत नाही एवढेच नव्हे, तर त्याच्याविषयीची काळजीही बोथट करीत असावी.

यावर असा आक्षेप येईल की, जनावराचे नाव कोणाच्या मालकीचे नाही. मग त्याचे भाडे कसले? आक्षेप कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. परंतु नदीचे पाणीही कोणा एकाच्या मालकीचे नसते, तरी कारखाना त्याची पाणीपट्टी भरतोच. शिवाय ही कल्पना अगदी हवेतली नाही. जाहिरातीत प्राणी दाखविल्यास त्या जाहिरातीच्या प्रसारखर्चापैकी अर्धा टक्का वन्यजीवांसाठी द्यावा, अशी ‘लायन्स शेअर’ नावाची योजना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या सहभागाने २०१८ साली निघाली. आपल्याकडे तर नवा कर बसविण्याचीही गरज नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातलेच आहे, आणि पर्यावरणरक्षण त्या कार्यांत मोडते. प्राण्याचे नाव अथवा चित्र वापरणाऱ्या कंपन्यांनी या रकमेचा ठराविक वाटा त्या प्राण्याच्या, आणि तो परदेशी असल्यास त्याच्या येथील भाईबंदांच्या, अधिवासासाठी राखावा. लहान कारखान्यांना यातून वगळावे.

मात्र एक अट हवी. हा पैसा आणखी फलक रंगविण्यात जाता कामा नये. तो आधी उठलेल्या गावांच्या पाण्याकडे, जमिनीकडे, मुलांच्या शाळेकडे वळला पाहिजे. कारण रानाच्या कडेची माणसे वैतागली, तर कोणतेही श्वापद सुरक्षित राहत नाही. मोटारीच्या नाकावर कोणते जनावर शोभेल, याचा खल कंपन्यांच्या कचेऱ्यांत पुष्कळ होतो. त्याच बैठकीत त्या जनावराच्या चाऱ्यापाण्याचा आणि त्याच्या शेजाऱ्यांचा विषयही निघाला पाहिजे. बेंदराला बैलाला पुरणपोळी घालणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशेब कोणत्याही पाठ्यपुस्तकावाचून कळतो. कारखानदाराला तो कळणे अवघड नसावे.