बेंडला ठोकळा नाही, तर पाइपलाइन अर्धीच



परवा रात्री कांद्याचं पाणी उरकलं. थंडीत घाईघाईनं खालचा कॉक फिरवला अन् बांधाजवळचा बेंड निखळला. निम्मा वाफा वाहून गेला. सकाळी सगळ्यांचं एकच, "सोल्युशन कमी लावलं." मला पटेना. वही घेऊन बसलो. शाळेत पाठ केलेला न्यूटनचा नियम इतक्या वर्षांनी कामाला आला.

माझी पीव्हीसी लाइन आतून १० सेंमी, लांबी ६०० मीटर. सेकंदाला १२ लिटर पाणी, म्हणजे वेग साधारण दीड मीटर. काटकोनात पाणी वळतं, त्या वळण्याचा जोर भरतो फक्त अडीच किलो. त्यानं बेंड हलत नाही. पण लाइनीत दाब ४ किलो आहे अन् पाइपाचं तोंड ७८ चौरस सेंमी. दोन्ही तोंडांचा मिळून बेंडला बाहेर ढकलणारा जोर सुमारे ४४० किलो!

आता कॉक झटकन बंद केला तर? धावतं पाणी एकदम अडतं. पीव्हीसीत १ मीटरचा वेग अडला की दाब साधारण ४ किलोनं वाढतो, दीड मीटरला ६. रशियातल्या झुकोव्हस्कींनी हा हिशोब १८९८ सालीच मांडून ठेवलाय. चार अन् सहा दहा. बेंडवर जोर ११०० किलो. तिथं सोल्युशन काय करणार?

दाबाची लाट माझ्या लाइनीत वर जाऊन परत यायला ३ सेकंद लागतात. त्याच्या आत कॉक बंद झाला की पूर्ण फटका. म्हणून चाक सावकाश फिरवा, निदान अर्धा मिनिट तरी घ्या.

दुसरं, प्रत्येक बेंडच्या बाहेरच्या अंगाला काँक्रीटचा ठोकळा घाला. तो न उकरलेल्या घट्ट जमिनीला टेकला पाहिजे. भुसभुशीत भरावाला टेकवला तर बेंडबरोबर तोही सरकतो.

गुंजवणीचं पाणी बंद नळातून वेल्हे, भोर, पुरंदरला द्यायची योजना आहे. मीटरभर व्यासाच्या नळात ४ किलोच दाब धरला तरी काटकोनी बेंडवर ४४ टन येतात. मोठ्या लाइनीला ठोकळ्याचा हिशोब आधी होतो. आपण मात्र मोटारीला हजारो घालतो अन् दोन पोती सिमेंटला हात आखडतो. माझं तर स्पष्ट मत आहे, लाइन टाकणाऱ्याला पैसे देताना आधी ठोकळे मोजा, मगच चर बुजवू द्या.