फास्ट चार्जरच्या भरवशावर धंद्याची गाडी घेऊ नका



मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, धंद्यासाठी इलेक्ट्रिक कार घेऊ का? हायवेला आता फास्ट चार्जर झालेत की!" माझं मत सरळ आहे. घ्या, पण रात्री स्वतःच्या जागेत चार्जिंग होणार असेल तरच. फास्ट चार्जर अडीनडीला चांगला. रोजचं गणित त्याच्यावर बसवू नका.

हे मी ऑर्डर घालवून शिकलोय. माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान पुण्यात. दिवाळीआधी कोल्हापूरच्या एका मिठाईवाल्यांनी बॉक्सचे सॅम्पल घेऊन १२ वाजता बोलावलं होतं. अंतर साधारण २३० किलोमीटर. माझी गाडी हायवेला १८०-१९० देते, त्यात खंबाटकी घाटाची चढण. म्हणजे वाटेत एकदा थांबणं आलंच. कराडच्या अलीकडे अ‍ॅपवर दोन गनचं स्टेशन चालू दिसत होतं. पोहोचलो तर एक गन बंद. दुसरीवर एक गाडी ८६ टक्क्यांवर, आणि तिचे मालक मिसळ खायला गेलेले! त्यांची १०० झाली, मग माझा नंबर. कोल्हापुरात पोहोचायला पावणेदोन वाजले. शेठ म्हणाले, "अहो, बरीच वाट बघितली. मग दिली दुसऱ्याला ऑर्डर."

सीझनची ऑर्डर गेली. दोष मी चार्जरला देत नाही. हातात वेळ न ठेवता निघालो, ती चूक माझी.

आता पैशाचं बघू. समजा बॅटरी ३० युनिटची आहे. २० ते ८० टक्के भरायला १८ युनिट लागतात, त्यात साधारण १२० किलोमीटर होतात. फास्ट चार्जरचा दर २२ रुपये धरा, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे २६ रुपये युनिट, बिल ४६८. किलोमीटरला ३ रुपये ९० पैसे. घरी १० रुपये युनिट पडलं तर तेच १८०, किलोमीटरला दीड रुपया. पेट्रोलपेक्षा फास्ट चार्जिंग अजूनही स्वस्तच आहे. पण रोज तिथेच भरलंत तर तुम्ही जवळजवळ सीएनजीच्या खर्चावर येता, आणि गाडीसाठी जास्त पैसे मोजलेत ते वसूल व्हायला वर्षं लागतात. हे माझे आकडे आहेत. तुमच्या मीटरचा दर घालून स्वतः मांडा. दुकानाचं कमर्शियल मीटर असेल तर दर वेगळा पडेल.

वापरायची वेळ आलीच तर एवढं पाळा:

१. पर्यायी स्टेशन आधीच हेरून ठेवा आणि तिथपर्यंत पोहोचेल एवढी बॅटरी शिल्लक असतानाच पहिल्याला थांबा.

२. निघायच्या आदल्या रात्री अ‍ॅप घ्या, वॉलेटमध्ये पैसे भरा. स्टेशनवर रेंज नसेल तर ओटीपीची वाट बघत बसाल.

३. ६० किलोवॅटची पाटी बघून हुरळू नका. तुमची गाडी जेवढी घेते तेवढंच मिळतं. शेजारी दुसरी गाडी लागली तर बऱ्याच मशीनमध्ये तेही वाटलं जातं.

४. ८० टक्क्यांना गन काढा. त्यापुढे बॅटरी जपण्यासाठी गाडीच वेग कमी करते. शेवटच्या २० टक्क्यांना बऱ्याचदा आधीच्या ६० एवढाच वेळ जातो.

५. गाडी लावून लांब जाऊ नका. जावंच लागलं तर काचेवर मोबाईल नंबर ठेवा. मागे थांबलेल्या माणसाचीही कुणीतरी वाट बघत असतं.

बीबीएला आम्हाला फिक्स्ड कॉस्ट शिकवली, व्हेरिएबल कॉस्ट शिकवली. थांबण्याची कॉस्ट मला त्या स्टेशनवर कळली. शोरूममध्ये जाण्याआधी महिनाभर तुमच्या फेऱ्या वहीत लिहा: किती किलोमीटर, किती वाजता पोहोचायचं होतं. दहातल्या नऊ फेऱ्या घरच्या चार्जिंगवर होत असतील तर बिनधास्त बुक करा. नसतील तर अजून थोडं थांबा.