अर्थ शब्दात भरलेला नसतो

शब्दात अर्थ भरलेला असतो, बोलणारा तो पाठवतो, ऐकणारा काढून घेतो; म्हणून नीट, स्पष्ट बोललं की गैरसमज होत नाही, असं बहुतेक जण धरून चालतात. संध्याकाळच्या कसारा लोकलमध्ये हे मत टिकत नाही. दांडीला लटकलेला माणूस बसलेल्याकडे बघून विचारतो, ‘कुठे?’ उत्तर येतं, ‘आंबिवली.’ शब्दांपुरतं पाहिलं तर एक ठिकाण विचारलं आणि शहाड-टिटवाळ्याच्या मधल्या स्टेशनाचं नाव सांगितलं, एवढंच घडलं. डब्यात मात्र करार झाला: आंबिवलीला ही जागा उभ्या माणसाची, मध्येच दुसऱ्याने तिच्यावर हक्क सांगायचा नाही. जागा, हक्क, कबुली यांतला एकही शब्द कोणी उच्चारला नाही. तेच नाव दाराशी मागून आलं, ‘आंबिवली?’, की त्याचा अर्थ होतो, उतरणार नसाल तर वाट द्या.

कोणी म्हणेल, ही गर्दीतली सांकेतिक बोली झाली. पूर्ण वाक्य बोला, अर्थ त्यातच सापडेल. पण पूर्ण वाक्याचीही हीच गत आहे. अकराव्या शतकात मम्मट या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाशा’त ‘सूर्य मावळला’ एवढंच साधं विधान घेतलं आणि दाखवलं, की ते कोण कोणाला सांगतो यावर गुरं घराकडे वळवा, काम थांबवा, संध्येला बसा असे वेगवेगळे अर्थ निघतात. आपण घरातून निघताना ‘येतो’ म्हणतो. नारळ फोडतो आणि ‘वाढवला’ म्हणतो, फुटलेली बांगडीही ‘वाढवली’च. इथे शब्द उलटा आणि अर्थ सरळ पोचतो, कारण ऐकणाऱ्याचं मन शब्दापाशी थांबत नाही. हा आत्ता, मला, हे का सांगतोय, याचा शोध घेतं. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९७५ मध्ये छापलेल्या निबंधात याच शोधाची रीत मांडली.

मग कशाचाही काहीही अर्थ लावावा का? हा आक्षेप गंभीर आहे, पण लागू पडत नाही. ‘आंबिवली’ऐवजी ‘शहाड’ असं उत्तर आलं, तर जागा एक स्टेशन आधी मिळते. म्हणजे ठरलेला अर्थ, आपल्या काव्यशास्त्रातल्या अभिधेने मिळणारा, पक्का पाया आहेच. त्याच्याशिवाय तर्क कशावर उभा राहणार? माझं म्हणणं एवढंच, की पायाला घर समजू नये. कायद्याची भाषा तरी नेमकी असते ना, असंही विचारतात. तिथेही शब्द काटेकोर बांधूनसुद्धा त्यांचा अर्थ लावायला न्यायाधीश लागतोच.

अर्थ शब्दातच भरलेला असतो या चुकीच्या समजुतीची किंमत नव्याने आलेला माणूस मोजतो. त्याला ‘कुठे?’ हा शब्द कळतो, पण त्यामागचा करार कळत नाही. आणि तो करार मोडला, की त्याला उद्धट ठरवून आपण मोकळे होतो. शाळेतही शब्दार्थांच्या याद्या पाठ होतात. खरं तर ‘कोण कोणास म्हणाले?’ हा उत्तम प्रश्न मराठीच्या पेपरात कित्येक वर्षं आहे, पण तो नावं आठवण्यापुरता उरला. शिक्षकांना विनंती आहे: त्याला ‘आणि कशासाठी?’ एवढं जोडा, आणि गुण त्या उत्तराला द्या.