मैदानावरची नवी खोती

३१ मे आणि १ जून २०२५ या दोन दिवशी मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या बाराव्या हंगामासाठी खेळाडूंचा लिलाव झाला. इराणच्या मोहम्मदरेझा शादलू याला गुजरातच्या संघमालकांनी २ कोटी २३ लाख रुपयांना घेतले, देवांक दलाल याला बंगालच्या संघमालकांनी २ कोटी २०.५ लाखांना घेतले, आणि कबड्डीचे भाग्य उजळल्याची द्वाही सर्वत्र फिरली. २०१४ साली याच लीगच्या पहिल्या लिलावातील सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. तेव्हा आकड्यांची झेप मोठी आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो निराळ्या गोष्टीबद्दल. हा खेळाडू घडविला कोणी, त्या घडणीचा खर्च सोसला कोणी, आणि लिलावाच्या हिशेबवहीत त्या घडविणाऱ्याचे खाते कोठे आहे?

या प्रश्नाचे उत्तर लिलावाच्या वातानुकूलित सभागृहात सापडणार नाही. ते शोधण्यासाठी सावित्री नदीच्या काठाकाठाने महाडहून पोलादपूरकडे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत जावे लागेल. रायगड जिल्ह्याच्या या आतल्या भागात कबड्डी हा केवळ विरंगुळा नाही. तो गावाच्या सामूहिक जीवनाचा भाग आहे. भाताची कापणी झाली की एखादे खाचर सपाट करायचे, माती चाळून, पाणी मारून, चोपून मैदान तयार करायचे, ग्रामदेवतेच्या नावाने मंडळ चालवायचे आणि मुंबईकर चाकरमान्यांच्या वर्गणीतून पोरांचे गणवेश आणि स्पर्धांचा प्रवासखर्च भागवायचा, ही येथील रीत आहे. दहाबारा वर्षांचा पोरगा या मातीत उतरतो. त्याला पकड शिकविणारा, दम टिकवायला शिकविणारा गावातलाच कोणी जुना खेळाडू असतो. दिवसा तो महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार म्हणून राबतो आणि संध्याकाळी फुकट शिकवितो. पोराचा गुडघा निखळला तर उपचाराचा खर्च आईबापांच्या माथी आणि उरलेला मंडळाच्या. विमा नाही, वैद्य नाही, वेतन नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत यालाच भांडवली गुंतवणूक म्हणतात. फरक इतकाच की, ही गुंतवणूक करणाऱ्याला कोणी गुंतवणूकदार म्हणत नाही.

आता बाजाराचा व्यवहार पाहावा. लिलावात खेळाडू ‘विकला गेला’ असे म्हणण्याची प्रथा आहे. परंतु विक्री म्हटली की विकणारा असावा लागतो. फुटबॉलमध्ये तो असतो. एका संघाने दुसऱ्या संघाचा खेळाडू कराराच्या मुदतीत घेतला तर घेणारा संघ देणाऱ्या संघाला किंमत मोजतो. खेळाडूचे वेतन त्याहून वेगळे. कबड्डीच्या लिलावातील रक्कम म्हणजे खेळाडूचे हंगामाचे वेतन. ज्या मंडळाने त्याला दहा वर्षे घडविले त्या मंडळाला या व्यवहारातून एक पैसाही मिळत नाही; विचारणाही होत नाही. म्हणजे माल बाजारात आला, पण उत्पादकाला किंमत मिळाली नाही. असा व्यवहार भाताच्या किंवा मासळीच्या बाजारात झाला असता तर त्याला लूट म्हटले असते. क्रीडाक्षेत्रात त्याला ‘प्रतिभेला संधी’ असे म्हणतात.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. गरिबाघरच्या पोराला कोटी रुपये मिळाले, तर समाजवाद्यांच्या पोटात का दुखावे? दुखण्याचे कारण नाही. खेळाडूला मिळणारा प्रत्येक रुपया त्याच्या कष्टाचा आहे आणि त्याला तो याहून अधिक मिळावा, हीच समाजवाद्यांची भूमिका असली पाहिजे. तो अधिक मिळू नये, अशी व्यवस्था करणारे निराळेच आहेत. लिलावात प्रत्येक संघाने सर्व खेळाडूंवर मिळून किती खर्च करावा, याची मर्यादा आधीच ठरलेली असते. २०२३ पासून ती ५ कोटींची आहे. लीगमध्ये १२ संघ आहेत. म्हणजे सर्व खेळाडूंच्या वेतनाचा एकूण आकडा ६० कोटींच्या पलीकडे जाऊच शकत नाही, मग बोली कितीही रंगो! एकाला दोन कोटी मिळाले की उरलेल्यांच्या वाट्याचे तितकेच कमी झाले. बोलीची चढाओढ खेळाडूंमध्ये लावलेली आहे. मालकांनी आपसांत ती आधीच मिटविलेली आहे. मालक लोक मजुरी वाढू न देण्यासाठी नेहमीच मूक संगनमत करून असतात, हे अॅडम स्मिथने १७७६ सालीच नोंदवून ठेवले आहे. येथे तर ते मूकही नाही. नियमावलीत लिहिलेले आहे.

दुसऱ्या बाजूचा आकडाही पाहावा. २०२१ साली पुढील पाच हंगामांचे प्रक्षेपणाचे हक्क ९०८ कोटी ७० लाखांना विकले गेले. हंगामाला सरासरी १८१ कोटी ७४ लाख. हे हक्क घेतले स्टार इंडियाने. आणि लीग चालविणाऱ्या मशाल स्पोर्ट्स या कंपनीत स्टारची २०१५ पासून ७४ टक्के मालकी होती. विकणारे घर आणि घेणारे घर एकच! खेळाडूंच्या वेतनावरील ६० कोटींची कमाल मर्यादा या प्रक्षेपणाच्या रकमेच्याही एकतृतीयांशच भरते. पुरस्कर्त्यांचे पैसे, तिकिटे, जाहिराती हे सारे त्याखेरीज. संघमालकांना तोटा होतो, असे सांगितले जाते. होत असेलही. पण तोटा सोसण्याची ऐपत असलेल्याने नफ्याच्या आशेने घेतलेली ती जोखीम आहे. पोलादपूरच्या वाडीतील मंडळ दरवर्षी तोटाच सोसते, आणि त्याला नफ्याची आशा ठेवण्याचाही अधिकार नाही.

खेळाडूच्या भावाची अवस्थाही तपासण्यासारखी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली ३६ लाख ४० हजारांना यू मुंबाकडे गेला; पुढच्याच वर्षी त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. म्हणजे पहिल्या वर्षी त्याने जे कसब विकले, त्याची बाजाराने मान्य केलेली किंमत त्याला मिळालेल्या रकमेच्या चौपट होती. मधला फरक त्याच्या हाती आला नाही. उलट बाजूचे उदाहरण प्रदीप नरवालचे. २०२१ साली त्याची बोली १ कोटी ६५ लाख होती, २०२४ साली ७० लाख, आणि २०२५ च्या लिलावात लीगच्या इतिहासातील या विक्रमी चढाईपटूला कोणीच घेतले नाही. त्याने निवृत्ती जाहीर केली. ज्याचे नाव देशभर झाले त्याची ही कथा, तर अवघ्या एकदोन हंगामांपुरता घेतला जाणारा आणि गुडघा गमावून गावी परतणारा अनामिक खेळाडू कोणाच्या खिजगणतीत असणार? पूर्वी गिरण्या, रेल्वे, बँका, सार्वजनिक कंपन्या खेळाडूला नोकरी देत. खेळ संपल्यावरही चूल पेटती राही. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विझले, जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडियाही खाजगी मालकीची झाली. कायम नोकरी गेली आणि तिच्या जागी हंगामी करार आला. ही कबड्डीपुरती गोष्ट नाही. महाडच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगारही याच व्यवस्थेचा बळी आहे.

आणि मुलींचे काय? याच लीगच्या चालकांनी २०१६ साली तीन संघांची महिलांची स्पर्धा भरविली आणि तेवढ्यावर तो विषय संपविला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला. परंतु ज्यांच्या खेळावर जाहिरात खपेल असे बाजाराला वाटत नाही, त्यांना भाव नाही. गुणवत्तेला बाजार न्याय देतो, असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

कोकणाला ही व्यवस्था नवी नाही. कुळाने नांगरायचे, लावणी करायची, आणि बांधावरही न उतरणाऱ्या खोताने मक्ता उचलायचा, या खोतीच्या चरकातून कुलाबा जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या गेला आहे. तिच्याविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे संप केला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. कायदा झाला तो १९४९ साली. जमिनीवरची खोती गेली. मैदानावर ती नव्या वेषात आली आहे. जुना खोत निदान कुळाला पुढच्या पेरणीपुरते बियाणे ठेवू देई. नवा खोत मंडळाचे बियाणेच उचलून नेतो.

मग मागणी कोणती करावी? लीग बंद करा, ही मागणी नव्हे. मागणी हिश्श्याची आहे, आणि तिचा पूर्वदाखला भांडवली जगातच आहे. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने २००१ च्या नियमांनुसार, खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातील संघाकडे किंमत देऊन गेला तर त्या किमतीतील ५ टक्के रक्कम त्याला घडविणाऱ्या संघांना देणे बंधनकारक केले आहे. वयाच्या बाराव्या ते पंधराव्या वर्षापर्यंतच्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, सोळाव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत अर्धा टक्का, असा त्याचा तपशीलवार हिशेब आहे. हेच तत्त्व कबड्डीला लावावे. खेळाडूच्या वेतनाला हात न लावता, त्यावर ५ टक्के रक्कम संघमालकांनी वेगळी भरावी. २०२३ साली पवन सेहरावतवर २ कोटी ६०.५ लाखांची बोली लागली. तिचे ५ टक्के म्हणजे १३ लाख २ हजार ५०० रुपये. सर्व संघांचे मिळून वर्षाला फार तर ३ कोटी. प्रक्षेपणाच्या सरासरी रकमेच्या दोन टक्केही नाहीत! पण एवढ्या पैशात किती मंडळांना मॅट, प्रशिक्षकाचे मानधन आणि पोरांचा विमा मिळेल, याचा विचार करावा.

याच्या जोडीला प्रत्येक खेळाडूची मंडळनिहाय नोंद राज्य संघटनेने ठेवावी, दुखापतग्रस्त खेळाडूच्या उपचाराची जबाबदारी कराराबरोबर संपू नये आणि वेतनमर्यादा ठरविताना खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी व्हाव्यात. कंपनी कायद्याने सामाजिक दायित्वाच्या खर्चात ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश केला आहे; महाडच्या नद्यांत सांडपाणी सोडण्याबद्दल वारंवार तक्रारी होणाऱ्या औद्योगिक वसाहतीकडे तो हिशेबही मागता येईल.

हे अर्जविनंत्यांनी होणार नाही. इंग्लंडमधील फुटबॉलपटूंच्या वेतनावर आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. ती १९६१ साली उठली ती मालकांच्या औदार्याने नव्हे, खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली म्हणून. आणि महाडला तर हा धडा दूरदेशाहून शिकण्याची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ साली झाला होता, महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली त्याला दुजोरा दिला होता. तरी चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, हजारो माणसे तळ्यावर चालून गेली तेव्हा. कागदावरचा हक्क संघटनेवाचून हक्क होत नाही.

महाड-पोलादपूरच्या प्रत्येक गावात मंडळ आहे, मंडळात तरुण आहेत आणि त्यांच्या स्पर्धांना चषक व रोख बक्षिसे देऊन त्यांची मते बांधून घेणारे पुढारीही आहेत. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी या मैदानांवर चषक घेऊन जाऊ नये. हिशेब घेऊन जावे. दोन्ही तालुक्यांतील मंडळांचा एक संघ उभा राहिला आणि त्याने पहिली पाच टक्क्यांची मागणी नोंदविली, तर नव्या खोतीविरुद्धची पहिली चढाई रायगडच्या मातीतूनच होईल.