धर्मस्वातंत्र्याची किंमत कोणी मोजली?

बोर्ली पंचतनसारख्या किनारपट्टीच्या गावांत खोतशाहीच्या काळी खोताच्या जमिनीवाचून कुळाला दुसरा आधार नसे. अशा मुलुखात धर्माच्या हक्कासाठी उभे राहणे म्हणजे पंडितांचा वादविवाद नव्हे. उद्याचा भात पणाला लावणे होय. याच रायगड जिल्ह्यातील महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. लगेच, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी कंडी पिकविण्यात आली आणि जेवत बसलेल्या प्रतिनिधींवर लाठ्या चालल्या. काहींना आसरा मिळाला तो मुसलमानांच्या घरांत. तळ्याविषयीचा उच्च न्यायालयाचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० पासून वर्षानुवर्षे चालला; दार उघडले नाही ते नाहीच.

पण आमच्या मते खरी किंमत पुढेच वसूल झाली, आणि तीही स्वराज्यात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. घटनेच्या पंचविसाव्या कलमाने दिलेलेच स्वातंत्र्य त्यांनी वापरले. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये हिंदू, व १९५६ पासून शीख, यांनाच अनुसूचित जातींत गणले जात होते. धर्म बदलताच शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव मतदारसंघ हातचे गेले. गावाने मात्र शिवाशीव सोडली नाही! मेलेली गुरे ओढण्याचे नाकारणाऱ्यांवर बहिष्कार पडला तो निराळाच. महाराष्ट्र सरकारने १९६० मध्ये आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या, हे त्यास भूषणावहच होय. केंद्राला मात्र तेच करावयास १९९० साल लागले. चौतीस वर्षे म्हणजे एका पिढीचे शिक्षणाचे व नोकरीचे सारे वय. या काळात कित्येकांच्या घरी बुद्धाची तसबीर आणि मुलाच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ अशी जोडनोंद राहिली. प्रामाणिक माणसास पोटच्या पोरासाठी असे असत्य लिहावयास लावणाऱ्या कायद्याला धर्मनिरपेक्ष म्हणणे आम्हांस जड जाते.

ख्रिस्ती वा मुसलमान झालेल्या दलितांना १९९० ची दुरुस्ती लागू झाली नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अटच काढून टाकावी अशी शिफारस केली होती. २०२२ मध्ये केंद्राने त्याच प्रश्नासाठी आणखी एक आयोग नेमला.