दम लागला? दम धर!

गेल्या रविवारी सिंहगडावर माझी पार शोभा झाली. आतकरवाडीत पायथ्याशीच मी बाबांना ऐकवलं, "तुम्ही या हळूहळू, मी वर जाऊन भजी सांगते." बाबा साठीपुढचे, मी अजून तिशीच्या आत! पहिला चढ जवळपास पळतच चढले. पंधराव्या मिनिटाला मांड्या पेटल्या आणि मी एका दगडावर फतकल मारली. बाबा मागून आपल्याच लयीत आले, "दम धर गं" म्हणाले आणि पुढे गेले!

आमचा जिममधला ट्रेनर म्हणतो, "मॅडम, लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं." मलाही तेच वाटायचं. घरी येऊन वाचलं तर केस वेगळीच निघाली.

म्हणजे बघा, पेशीचा सगळा खर्च चालतो एटीपी नावाच्या चलनावर. ऑक्सिजन पुरेसा असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे सुमारे 30 एटीपी मिळतात. महिन्याचा पगारच म्हणा ना! पण आपण पळत सुटलो की मागणी इतकी वाढते की ऑक्सिजनवाली यंत्रणा पुरी पडत नाही. मग पेशी क्रेडिट कार्ड काढते. ऑक्सिजनशिवायच ग्लुकोज अर्धवट फोडायचं. हातात पडतात फक्त 2 एटीपी, पण एकदम झटपट! हे काम अडू नये म्हणून उरलेल्या मालाचं लॅक्टेट बनतं.

आणि तेच बिचारं बदनाम! दोन दिवसांनी जिना उतरताना पाय बोंबलतात ते स्नायूंना झालेल्या बारीक इजांमुळे. लॅक्टेट तर साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. उलट ते इंधन आहे, हृदयसुद्धा ते वापरतं. काही यकृतात जातं आणि तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं. याला म्हणतात कोरी चक्र. कार्ल आणि गर्टी कोरी या नवरा-बायकोच्या नावावरून. दोघांना 1947 साली नोबेलही मिळालं.

मेख पुढे आहे. स्नायू 2 एटीपी कमावतो, पण तो हिशोब मिटवायला यकृताला 6 मोजावे लागतात.

इथे मी थबकले. फ्रीलान्सिंगमध्ये एका ठिकाणचं माझं मानधन तीन महिने अडकलंय. कार्डाचं बिल दोन महिने बाबा भरताहेत. पेन्शनमधून, एक शब्द न बोलता. आणि मी त्यांना 'हळूहळू या' म्हणत होते!

त्या दिवशी धापा टाकत वर पोचले, तर त्यांनी मडक्यातलं दही सांगून ठेवलं होतं. गंमत म्हणजे दह्याचा आंबटपणाही लॅक्टिक अ‍ॅसिडचाच.

पुढच्या रविवारी त्यांच्या लयीत चढणार आहे. कार्ड कपाटात गेलंय, आणि सोमवारी मानधनासाठी फोन करायचाय. न लाजता.

तुमचं यकृत कोण आहे हो? एकदा विचारा तरी, दमलंय का म्हणून.