उभे करू नका!

विद्यार्थी मित्रहो, गडावरच्या सहलीत कुणाला मधमाशी डसली आणि काही मिनिटांतच अंगभर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, धाप लागली, भोवळ आली, तर ती तीव्र अ‍ॅलर्जी समजा. अशा मुलाला दोघे धरून चालवत खाली आणतात, याला माझा पदार्थविज्ञानाचा आक्षेप आहे. रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब घसरलेला असतो. उभे करताच गुरुत्वाकर्षणाने रक्त पायांत साचते, हृदयाकडे पुरेसे परतत नाही. त्याला आडवे निजवा, पाय उंच ठेवा. धाप फारच असेल तर पाय पसरून बसू द्या. १०८ला फोन करा. खरे औषध अ‍ॅड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत टोचायचे. अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. चुना-कांदा तर नाहीच! शिक्षकहो, वाटेवरच्या कोणत्या दवाखान्यात ते मिळते, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवा.